चमचाभर विरजण

मंडळी, आधी एक प्रश्न! एखादा माणूस शब्दाचा पक्का. आपला त्याच्यावर पूर्ण भरवसा. तरीही ‘हा नाही आला तर?’ असा विचार करून ठेवला, तर तो अविश्वास की शहाणपण? हां — आत्ताच माना हलवू नका! आधी ऐका.

कोकणात आंबेखोल नावाचं गाव. तिथला रिवाज असा, की गोकुळाष्टमीचा उपास सुटायचा तो दुसऱ्या दिवशीच्या काल्यानेच! आणि काल्याचं दही घरोघरचं. प्रत्येकीने आपलं वाडगं आणायचं, हंडीत ओतायचं. कुणाचं गोड, कुणाचं आंबट, कुणाचं — दही की ताक, देवालाच ठाऊक!

उत्सवाचे कारभारी भार्गवअण्णा. माणूस भला, पण टापटिपीचं वेड! द्वारकाकाकूंनी वाडगं आणलं, तर चाखून म्हणाले, “काकू, तुमचं दही फार आंबट हो. राहू द्या.” भर देवळात! काकू वाडगं घेऊन घरी गेल्या. पुढच्या वर्षी अण्णांनी फर्मानच काढलं — घरचं दही बंद! तालुक्याच्या डेअरीतून टेम्पो येईल. एकच चव, एकच भाव!

बायका खूश! कोण ते विरजण सांभाळतंय? एरवीही दुकानात पिशवी मिळतेच की! हळूहळू गावात दही लावणंच थांबलं. सगळ्या गावाचं दही — एका रस्त्यावरून!

आणि अष्टमीच्या दुपारी घाटात कोसळली दरड!

टेम्पोवाल्याचा फोन. “अण्णा, दही घेऊन उभा आहे. पण पुढं रस्ताच नाही!”

बघा हं, माणूस शब्दाला जागला होता! दरडीने थोडाच शब्द दिला होता?

अण्णा म्हणाले, “घाबरू नका! गोठ्यात गाई आहेत, दूध लावू.” दूध आलं, तापलं, कोमट झालं. आता विरजण? हिच्याकडे नाही, तिच्याकडे नाही. दुकानातल्या पिशव्याही संपलेल्या! पेटीवाले, हसताय काय? तुमच्या घरी आहे का?

उद्या सगळं गाव उपाशी! एक दार राहिलं होतं. अण्णा तिकडे गेले.

“काकू... चमचाभर विरजण मिळेल का?”

“आंबट आहे हो, भार्गवा!”

“काकू, चुकलो मी. सगळ्यांचा उपास माझ्यामुळे लांबेल.”

काकूंनी वाडगं पुढे केलं. अण्णांनी हात घातला तर म्हणतात कशा, “थांब! सगळं दूध एका हंड्यात लावू नकोस. नासलं की गेलं! आणि माझ्या वाडग्याचाही भरवसा नको, मांजराने मघाशीच डोळा ठेवलाय त्याच्यावर. घराघरात थोडं दूध, थोडं विरजण दे!”

मग काय! अण्णा वाटी घेऊन दारोदार. “वहिनी, तुमचा चमचा. हलवू नका हं, झाकून ठेवा!” एरवी हुकूम सोडणारा माणूस, पण त्या दिवशी गावभर आर्जवं!

सकाळी वाडगी निघाली देवळाकडे. दोघींचं लागलंच नाही. एकीचं खरंच मांजराने पालथं केलं! तरी हंडी? काठोकाठ! अण्णांनी पहिलं वाडगं ओतायला काकूंना पुढे बोलावलं. आणि काला चाखून काय म्हणाले? “आंबट आहे... पण काय चव आहे!” काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

टेम्पोही आला बरं का, संध्याकाळी! अण्णांनी त्याला परत नाही पाठवलं. दही घेतलं, पोटभर जेवू घातलं. पुढेही त्याच्याकडून घेत राहिले — पण घरोघरची वाडगी चालू ठेवून!

तर मंडळी, भरवसा माणसावर ठेवायचा, वाट मात्र एकच ठेवायची नाही. आणि देवाच्या नामाचं काय? ते माझ्या कीर्तनात वर्षातून एकदा ऐकायचं, बाकी दिवस घर कोरडं? उद्या माझा घसा बसला तर? तुमच्या घरी आहे का चमचाभर विरजण?

चला, काला वाटायला घ्या! सगळा खाऊन टाकू नका — शेजारणीसाठी चमचाभर मागे ठेवा. बोला, गोपाळकृष्ण महाराज की जय!