आमचाच वॉल्व्ह

देवाशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. बरं, एक वाक्य सोडून.

टाकीचा पितळी वॉल्व्ह अडकून बसला आणि स्वयंपाकघरात पाण्याचा थेंब येईना. प्लंबर मुन्नालाल आला. "भाईसाहब, ये तो कबाड़ है," म्हणत त्यानं वॉल्व्ह काढून स्वतःच्या पिशवीत टाकला आणि प्लॅस्टिकचा बसवला. आठवड्याभरात त्याची मूठ तुटून माझ्या हातात आली.

पुन्हा मुन्नालाल.

"प्लास्टिक तो टूटता ही है. पीतल का लगवाइए. मेरे पास पुराना माल है, मक्खन जैसा घूमता है."

पिशवीतून निघालेल्या वॉल्व्हच्या मुठीला आमच्या हिच्या परकराची नाडी गुंडाळलेली.

"मुन्नालाल, ये तो हमारा ही है."

"जाम था तब आपका था, भाईसाहब. मिट्टी के तेल में भिगोकर खोला किसने?"

"अहो, भांडण नंतर करा, कुकर लावायचाय," ही आतून म्हणाली.

साऱ्या झाशीत असा निगरगट्ट माणूस मिळणार नाही. आमचाच वॉल्व्ह आम्हीच विकत घ्यायचा? मी त्याला पिशवीसकट जिन्यावरून हाकलून दिलं.

हेच ते खोटं वाक्य. वॉल्व्ह विकत घेतला, वर चहा पाजला. जाताना तुटका प्लॅस्टिकचाही त्यानं पिशवीत टाकला, आणि पिशवी मीच उघडून धरली होती.