नवनाथचा सत्कार झालाच पायजे!

...नाही हो, फुलांना मी कशाला नावं ठेवू? झेंडू बिचारा काय करणार? कुणी तोडला, कुणी पाण्यात भिजवला, कुणी जेसीबीच्या बकेटात भरला आणि कुणी दांडा ओढला! फुलानं थोडंच म्हटलं होतं, मला नवनाथच्या चाकाखाली टाका म्हणून? पण आमच्या कुरुळीत एकदा का कुणाच्या तोंडून निघालं, "सत्कार झालाच पायजे!" की मग ब्रह्मदेव आला तरी थांबत नाही. उलट त्यालाच फेटा बांधतील, स्टेजवर बसवतील आणि म्हणतील, दोन शब्द बोला!

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते. आम्ही मूळचे श्रीगोंद्याकडचे. मिस्टरांना इकडं कंपनीत काम लागलं तसं कुरुळीत आलो आणि बबनरावांच्या शेजारची खोली घेतली. बबनराव, त्यांच्या मंडळी सोजरबाई आणि मुलगा नवनाथ. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोब्बर त्यांच्या ओट्यावर उघडते. आता खिडकी उघडते त्याला मी काय करू? भाजी फोडणीला टाकली की धूर जायला ती उघडावीच लागते, आणि उघडली की दिसतंच. मी काही मुद्दाम बघत नाही.

तर एक दिवस काय दिसलं? हा चांगला वाढलेला, दाढीमिशीवाला मुलगा ओट्यावर बसून पायाचे केस काढतोय! पायाचे! वस्तऱ्यानं! माझी फोडणी जळाली हो. तशीच गेले, म्हटलं, "सोजरबाई, पोराला बरं नाही का काही?" तर त्या कपाळाला हात लावून, "आता काय सांगू शालन, सायकलवाले समदेच काढत्यात म्हनं." आणि नवनाथ हसत हसत म्हणतो, "काकू, पडलो ना, तर जखम धुवायला सोपं जातं. पट्टी निघताना केस ओढत नाहीत." म्हटलं, अरे, पडायची तयारी म्हणून पाय भादरतोस? न पडायची तयारी कर की! तर म्हणतो, "सायकलवाला पडतोच काकू. कुठं पडतो तेवढंच बघायचं असतं."

कुठं पडतो तेवढंच... लक्षात ठेवा हं हे.

आणि सायकल कसली? तुम्ही बघितली असती ना! मी एका हातानं उचलली तर वरच आली, मला वाटलं दुकानदारानं फसवलं, अर्धीच दिली. घंटी नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. एवढी महागाची वस्तू आणि साधा स्टँड नाही! म्हटलं, दळण कशावर आणायचं? चाक म्हणाल तर माझ्या अंगठ्याएवढं रुंद. ती सायकल घरात भिंतीवर, देव्हाऱ्याच्या शेजारी टांगलेली. बबनराव ओट्यावर झोपायचे, पण सायकल आत! बुटाच्या तळाला एक खटका, तो पेडलमध्ये खट्‌ करून अडकतो, पाय सायकललाच बांधल्यासारखा. टाच बाहेर फिरवली तरच सुटतो. मी विचारलं, आणि नाही फिरवली तर? तर म्हणाला, "फिरवतोच काकू. झोपेतसुद्धा फिरवतो."

रोज पहाटे बाहेर पडायचा, पहिल्या शिफ्टच्या बसेस सुटायच्या आत. आणि रस्ता कोणता? आपला चाकणचा! ज्या रस्त्यावर कंटेनरवाले जीव मुठीत धरून जातात, खड्ड्यात नवी कोरी गाडी घातली तर बाहेर येईपर्यंत जुनी होते, तिथं हा अंगठ्याएवढ्या चाकावर वाऱ्यासारखा. सोजरबाई तो परत येईपर्यंत देव पाण्यात घालून बसायच्या, आणि तो घामानं निथळत दारात आला की देव बाहेर काढायच्या. त्या घरचे देव रोज आंघोळ करायचे बघा.

लोक बोलायचे ते वेगळंच. कंपनीतली पोरं, "काय भावा, अजून सायकलच का? गाडी घे की राव हप्त्यावर!" स्थळ बघायला गेले तर मुलीचे मामा म्हणाले, "मुलगा काय करतो?" बबनराव म्हणाले, सायकल चालवतो. "ते झालं हो, पण करतो काय?" बबनराव म्हणाले, तेच करतो, पुण्यात टीम आहे, पगार देतात. मामा हसायला लागले, "अहो, सायकल आमचा दूधवाला पण चालवायचा. त्याच्याकडं निदान दूध तरी असायचं!" चहा पिऊन परत आले बिचारे.

मी त्याची एक शर्यत बघितली आहे. सासवडच्या बाजूला होती. सोजरबाई आणि मी टेम्पोतून गेलो, चपात्या, ठेचा, सगळं बांधून. उन्हात बसलोय, बसलोय... आणि एकदम झुर्रर्र! संपलं! सगळे गेले! मी तोंडात घास धरून विचारते, यातला आपला कोणता? शेवटी कळलं, त्यांच्या टीमचा एक मुलगा पहिला आला, आणि नवनाथ पार मागून, धापा टाकत, तोंडाला फेस. आणि येऊन नाचायला लागला! म्हटलं, हरलास तू आणि नाचतोस काय? तर म्हणतो, "काकू, मीच त्याला आणला ना इथपर्यंत. सगळी वाट मी पुढं राहून वारा कापला, तो माझ्यामागं दम राखून बसला. शेवटी मी बाजूला झालो, तो सुटला." म्हणजे मागं जाऊन पाण्याच्या बाटल्या आणायच्या यानं, वारा अंगावर घ्यायचा यानं, आणि हार घालायचा दुसऱ्यानं? मी म्हटलं, अरे मग कंपनीत कंत्राटावर काय वेगळं असतं? निदान तिथं डोक्यावर पत्रा तरी असतो! हसला नुसता. पण त्याला त्याच्यात आनंद होता हो. खरा आनंद. माणूस कळतो तोंडावरून.

आणि मग परदेशातनं बोलावणं आलं! बेल्जियम की काय. तिथल्या एका टीमला असाच पाहिजे होता, दुसऱ्यासाठी वारा कापणारा. एवढ्या वर्षांत त्या कामाचं कुणाला कौतुक वाटलं तर ते सातासमुद्रापलीकडं. सोजरबाई येऊन माझ्या गळ्यात पडून रडल्या. बबनराव ओट्यावर बसून उगाच सायकलचं पुसलेलं चाक परत पुसत होते. तिकीट आलं, व्हिसा आला, मी शेंगदाण्याची चटणी कुटून दिली, तिकडं काय मिळतंय कुणाला ठाऊक. आता नुसतं विमानात बसायचं. एवढंच! एवढंच राहिलं होतं हो...

तर आले दादासाहेब. दादासाहेब म्हणजे आमचे माजी सरपंच. मनानं चांगला माणूस, खोटं कशाला बोलू. चार जेसीबी आहेत आणि ते सतत हलते राहिले पाहिजेत, एवढाच त्यांचा दोष. ओट्यावर बसले, चहा बशीत ओतला, "बबनराव, गावचं पोरगं फॉरेनला चाललंय आन्‌ तुमी गप? गावाला काई अब्रू हाय का न्हाई? सत्कार झालाच पायजे!"

नवनाथ म्हणाला, "दादा, परत आल्यावर करा की."

"परत आल्यावं बी करू! पन जाताना झालाच पायजे!"

"मग जीपमध्ये बसतो."

"जीपमधी कोन बी बसतंय! तू सायकलवर पायजे. त्या तुज्या चिकाट कपड्यात. लोकान्ला कळाया पायजे सत्कार कुनाचा हाय ते. न्हाईतर दर टायमाला हार माज्याच गळ्यात पडतोय!"

झालं. वेशीच्या कमानीपासून देवळापर्यंत मिरवणूक. फ्लेक्सवर दादासाहेब कमरेपासून वर, आणि कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढा, हेल्मेट-गॉगलमधला नवनाथ. डीजे, हलगी, गुलाल, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकेक जेसीबी, हात वर करून उभा. बकेटात फुलं. फुलं सकाळीच भरलेली, ऊन फार, म्हणून कुणा शहाण्यानं वरून पाण्याच्या बादल्या ओतल्या, ताजी राहावीत म्हणून! आणि नवनाथच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून फेटा बांधला. तो म्हणाला, "दादा, हेल्मेट असू दे." तर दादासाहेब काय म्हणाले, "आरं, गावात कोन पाडतंय तुला?"

मी ओवाळणीचं ताट घेऊन देवळाच्या पायरीवर उभी. मला सगळं दिसत होतं. हा येतोय हळूहळू, माणूस चालतो त्या चालीनं, डाव्या बाजूनं कुणी मिठी मारतंय, उजव्या बाजूनं कुणी सेल्फी काढतंय, पाय पेडलमध्ये अडकलेले, सोडवायला जागा कुठं? टाच बाहेर फिरवायची तर शेजाऱ्याच्या नडगीवर बसायची. आणि तेवढ्यात पहिल्या जेसीबीनं बकेट उलटं केलं. फुलं उधळतात ना, तशी नाही हो... भिजलेला लगदाच तो, धप्पकन पुढ्यात पडला. नव्या सिमेंटच्या रस्त्यावर ओला झेंडू! चाक सरकलं. आणि तो पडला, सायकलसकट, बाजूवर. बस. तेवढंच.

ओरडला नाही. नुसता पालथा झाला आणि कपाळ रस्त्याला लावलं. आणि माईकवरचा माणूस, काय सांगू तुम्हाला, माईकवरचा माणूस ओरडला, "बघा! बघा, मंडळी! हे संस्कार! फॉरेनला जानारं पोरगं गावच्या मातीला साष्टांग नमस्कार करतंय! टाळ्या झाल्या पायजेत!" आणि टाळ्या झाल्या! अख्खं गाव टाळ्या वाजवतंय! बबनराव पण वाजवत होते हो! आणि दुसऱ्या जेसीबीवाल्याला वाटलं, हीच वेळ. त्यानं त्याचंही बकेट ओतलं. नवनाथच्या अंगावर.

फुलांच्या ढिगातून एक हात तेवढा वर आला. मी ताट तिथंच टाकलं आणि धावले.

त्याच मिरवणुकीच्या जीपमधून दवाखान्यात नेला. चौकात ट्रॅफिक, जीपला हार, वर पताका, आणि आत हा दातावर दात धरून. शेजारच्या रिक्षावाल्यानं वाकून विचारलं, "निवडून आले का?"

खुब्याचं हाड. तीन ठिकाणी. आत सळई, स्क्रू, सगळं झालं. सगळा खर्च दादासाहेबांनी केला, लहान मुलासारखा रडला तो माणूस, मी बघितलंय. पण रडून झाल्यावर डोळे पुसले आणि पिशवीतून काय काढलं? शाल! नारळ! "कार्यक्रम आर्धा ऱ्हायला. आर्धा सत्कार चांगला नस्तोय." आणि पाय वजनाला बांधलेल्या पोराच्या अंगावर पलंगावरच शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो काढला. सत्कार झालाच पायजे!

बेल्जियमवाले चांगले निघाले. लिहिलं, लवकर बरे व्हा, मग बोलू. मग काही बोलले नाहीत. त्यांना वारा कापायला दुसरा मिळाला असणार, वारा काय थांबतोय? डॉक्टर म्हणाले, "पाय बोटभर आखूड राहील, पण सायकल चालवायला काही हरकत नाही. व्यायामाला चांगलीच असते." त्यावर नवनाथ हसला. तो हसला आणि सोजरबाई उठून बाहेर गेल्या. मी मागं गेले. जिन्यात बसून म्हणत होत्या, "शालन, रस्त्यावं काई हुईल म्हनून मी रोज देव पान्यात घातलं गं. त्या दिशी न्हाई घातलं. म्हनलं, आज काय, गावातच तर हाय."

मी पाठीवर हात ठेवला आणि गप्प बसले. मी! गप्प! बघा मग.

नवनाथ आता कंपनीत जातो. स्टोअरला बसून काम आहे. बस येते दारात, खिडकीशी बसतो आणि तोच रस्ता बघत जातो. सायकल भिंतीवरून उतरवली एवढं मात्र खरं. आमच्या गल्लीतल्या करिष्माला दिली. कॉलेजला जाणारी पोरगी, भलती जिद्दी. सुट्टीच्या दिवशी हा ओट्यावर बसून ओरडतो, "कोपर आत! मान खाली! वाऱ्यात शिरू नको उगाच, कुणाच्या तरी मागं राहा!" मी खिडकीतून बघते. म्हणजे, धूर जायला उघडते तेव्हा.

आणि मागच्या महिन्यात करिष्मा राज्याच्या टीममध्ये निवडली गेली. आनंदच आहे! पण संध्याकाळी बबनरावांच्या ओट्यावर कोण आलं? दादासाहेब. चहा बशीत ओतला. माझ्या हातातली कढईच खाली आपटली. "पोरीनं नाव काढलं. सत्कार झालाच—"

नवनाथ मध्येच म्हणाला, "करा दादा. पण फुलं नकोत."

"आरं, फुलाबिगार सत्कार कसा व्हईल? बरं, या टायमाला भिजवत न्हाई. कोरडी टाकू. मंग?"

मिरवणुकीच्या दिवशी सकाळी बघते तर नवनाथ खराटा घेऊन निघालेला. लंगडत. वेशीतून करिष्मा निघाली सायकलवर, हेल्मेट घालून. फेटा बांधायला आले तर नवनाथनं नुसतं बघितलं, परत गेले. जेसीबीनं फुलं टाकली की हा पुढं होऊन खराटा मारायचा, फुलं बाजूला, वाट मोकळी. परत टाकली, परत खराटा. ढकलाढकली, गुलाल, डीजे, सगळं याच्या अंगावर, आणि ती पोरगी बरोब्बर याच्या मागं, हातभर अंतर ठेवून. अख्खा रस्ता. देवळापाशी आले आणि हा बाजूला झाला. ती पायरीपर्यंत गेली, टाच फिरवली, खट्‌! पाय सुटला. उभी राहिली. दोन्ही पायांवर.

मी ओवाळलं तिला. दोन काड्या मोडल्या तेव्हा कुठं निरांजन पेटलं.

आता संपलं म्हणून मी निःश्वास टाकतेय तोवर माईकवाला, "आनी आता, मंडळी, मिरवनुकीचा रस्ता साफ ठेवल्याबद्दल आपल्या गावचे जुने खेळाडू..." आणि चढवला की त्याला स्टेजवर! गुलालानं माखलेला, एका हातात खराटा. दादासाहेबांनी शाल घातली, नारळ दिला. खराटा ठेवायला जागा नव्हती, तसाच धरून फोटो काढला.

घरी येताना मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, तू तरी कसा घेतलास? नको म्हणायचंस की रे!"

तर शाल घडी करून काखेत मारली, नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणतो कसा, "घेतलेला बरा काकू. नको म्हटलं, तर मिरवणूक काढतील."