दोघींनी एकेक गोष्ट सोडायची

बाई : पुन्हा एकदा म्हण. पण पाठ केल्यासारखं नको. उद्या समोर इतर शाळांचे शिक्षक बसलेले असतील. त्यांना वाटलं पाहिजे, की हे तू आत्ता, इथं, मनापासून बोलते आहेस.

मुलगी : “तुझं म्हणणं मला असं कळलं, की चाचणीत तू कॉपी करत होतीस हे मीच सरांना सांगितलं, असं तुला वाटलं. म्हणून तुला राग आला.”

बाई : छान. आणि?

मुलगी : “तुझा राग मी समजू शकते.”

बाई : शाब्बास! वर्षभर या समेटाच्या खोलीत मी पोरांच्या कानीकपाळी हेच ओरडते आहे. उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याला परत सांगायचं, त्याचं समाधान होईपर्यंत. भल्याभल्यांना जमत नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीत तर कोणी कोणाचं एक वाक्य पुरं ऐकून घेत नाही. तुला मात्र पहिल्याच बैठकीत जमलं.

मुलगी : हो, बाई.

बाई : म्हणून तर उद्याच्या प्रात्यक्षिकासाठी इतक्या सगळ्या समेटांमधून मी तुम्हा दोघींचा निवडला.

मुलगी : बाई, मॉनिटर आलीच नाही तर उद्याचं राहील का?

बाई : येईल गं. कवायतीच्या सरांनी रांगा लावायला थांबवलंय तिला. तोवर तिच्या खुर्चीत मी बसते. आता मी मॉनिटर. मी म्हणते, “यापुढे मी हिला ‘गोगलगाय’ म्हणणार नाही.” हे झालं तिचं. दोघींनी एकेक गोष्ट सोडायची, हा आपला नियम. तू काय सोडलंस?

मुलगी : खिडकीजवळचा बाक.

बाई : अगं, पूर्ण वाक्यात सांग.

मुलगी : “मी माझ्या मैत्रिणीच्या शेजारचा, खिडकीजवळचा बाक सोडते आणि मॉनिटरच्या पुढच्या बाकावर बसते. म्हणजे आमच्यात पुन्हा गैरसमज होणार नाहीत.”

बाई : हे तूच सुचवलं होतंस ना?

मुलगी : तिनं सुचवलं. मी मान हलवली.

बाई : असेल. मला आता नीटसं आठवत नाही. बरं, आता हात मिळवायचा. इथं टाळ्या पडतील बघ. कुठंय हात?

मुलगी : हा काय.

बाई : अगं, किती गार पडलाय! ताप आहे का?

मुलगी : नाही.

बाई : मग मागे कशाला ओढतेस? मी काय तुला खाणार आहे? नुसती मॉनिटर म्हणून बसलेय समोर.

मुलगी : म्हणूनच, बाई.

बाई : म्हणूनच म्हणजे?

मुलगी : काही नाही.

बाई : असं कर, खुर्च्या बदलू आपण. दुसऱ्याच्या जागी बसलं की त्याची बाजू आतून कळते. तू मॉनिटर हो, मी तू होते. समज, समेट झाला, दुसरा दिवस उजाडला, वर्ग भरलाय. मी तुझ्या पुढच्या बाकावर बसलेय. मला काय म्हणशील?

मुलगी : काही नाही म्हणणार.

बाई : अवाक्षरही नाही?

मुलगी : शब्द दिलाय ना. ती शब्द मोडत नाही.

बाई : मग काय करते?

मुलगी : बोट फिरवते.

बाई : कसं?

मुलगी : असं. बाकावरून, हळूहळू. गोगलगाय चालते तसं. मग तिच्या शेजारची फिरवते. मग मागची रांग. तोंडं सगळ्यांची फळ्याकडे असतात, आणि बोटं फिरत असतात. आवाज येत नाही, बाई. पण मला मागे न बघता कळतं.

बाई : कधीपासून चाललंय हे?

मुलगी : समेट झाल्यापासून. आधी ती एकटीच म्हणायची, तोंडानं.

बाई : अगं, मग माझ्याकडे का नाही आलीस?

मुलगी : मी अजून मॉनिटरच आहे का?

बाई : काय? हो. हो, मॉनिटर म्हणूनच बोल.

मुलगी : “जा ना, सांग बाईंना. काय सांगशील? मी तुला एका शब्दानं तरी बोलले का? सगळ्यांसमोर हसत हसत हात मिळवलास तू. आता समेट मोडला कोणी म्हणतील? तक्रार घेऊन गेली तिनं. आणि खोलीतलं खोलीबाहेर काढायचं नाही, हा बाईंचाच नियम आहे. गोगलगाय नि पोटात पाय, हे म्हणायचं मी सोडलंय. तू आता ते खरं करून दाखवू नकोस.”

बाई : पुरे. पुरे, बाळ.

मुलगी : तुमचं परत सांगायचं राहिलं.

बाई : काय सांगायचं?

मुलगी : तिचं म्हणणं. नियम आहे ना.

बाई : “तुझं म्हणणं मला असं कळलं, की...” नाही. मला नाही म्हणता येत हे.

मुलगी : मला म्हणावं लागलं होतं.

बाई : चाचणीचं तू सांगितलं होतंस का गं सरांना?

मुलगी : नाही. तेव्हा तुम्ही हे विचारलं नव्हतं.

बाई : आम्ही विचारत नाही. खरं कोण, खोटं कोण, हे मध्यस्थानं ठरवायचं नसतं. दोन बाजू असतात, दोन्हींना सारखंच मोजायचं, असं धरून आम्ही सुरुवात करतो.

मुलगी : मला बाजूच नव्हती, बाई. भांडण तिचं होतं. मी नुसती तिथं होते.

बाई : घरी ठाऊक आहे?

मुलगी : आई म्हणते, दुर्लक्ष कर. बाबांना वाटतं, आता माझं छान चाललंय. उद्या मला बघायला येणार आहेत, त्यांनी सुट्टी काढलीय.

बाई : उद्याचं प्रात्यक्षिक होणार नाही. मी आत्ताच मुख्याध्यापकांकडे जाते.

मुलगी : नको ना, बाई! रद्द झालं की तिला लगेच कळेल, कशामुळे ते. एवढंसं तर आहे. मी करीन नीट. हातसुद्धा मागे ओढणार नाही. शाळेचं नाव होईल, तुमचं होईल.

बाई : माझं नाव घाल चुलीत. बाळ, आणखी काय काय झालं ते सगळं सांग मला. यातलं काही या खोलीबाहेर जाणार नाही.

मुलगी : तीही हेच म्हणते.

मॉनिटर : आत येऊ का, बाई? सॉरी हं, सरांनी सोडलंच नाही. आठवीची पोरं म्हणजे नुसती मेंढरं, एक वळवावं तर दुसरं उधळतं. अय्या, ही माझ्या खुर्चीत! बस, बस, असू दे. कुठपासून सुरू करायचं?

बाई : सुरू करायचं नाही. उद्याचं मी रद्द करते आहे.

मॉनिटर : का हो? हिनं काही सांगितलं का?

बाई : मी सांगते आहे. हे प्रकरण समेटाचं नव्हतंच. तुम्हा दोघींना समोरासमोर बसवलं, ती चूक माझी. उद्या सकाळी आईवडिलांना घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत ये. मी तिथं असेन.

मॉनिटर : आईवडिलांना? पण मी काय केलं? समेट झाल्यापासून हिला एका शब्दानं दुखावलं असेन, तर जीभ झडो माझी. विचारा हिलाच. सांग ना गं.

बाई : तिला विचारू नकोस. आणि टेबलावरून बोट का फिरवतेस?

मॉनिटर : धूळ आहे, बाई.

बाई : बोट उचल.

मॉनिटर : हे घ्या, उचललं. चल गं, अंधारून आलंय, सोबतच जाऊ. आपलं काही भांडण आहे का?

मुलगी : बाई, तुमचं काम होईपर्यंत मी इथं बसले तर चालेल?

बाई : बस. मला आज वेळ लागणार आहे.