थापाड्या अनासेतोचं मीठ

(फिलिपाइन्समधलं समुद्रकाठचं गाव, छोटं रुग्णालय. खाटेवर म्हातारे अनासेतो, डोळे मिटलेले, हाताला सलाइन. दोन बाजूंना दोन मुली. थोरली फिलोमेना आजच कॅनडाहून आली आहे.)

विसेंता : ...आणि मग बाबा म्हणाले, बांगडे मेणबत्त्या घेऊन मिरवणुकीनं चाललेत, त्यांना वाट द्या. आम्ही हसून हसून लोळलो.

फिलोमेना : हसलात! रक्तातलं मीठ तळाला गेलं आणि तुम्ही हसलात?

विसेंता : ताई, वादळात डुकरावर बसून चर्चला पोचलो म्हणून गावभर सांगणारा हा माणूस. त्यानं बांगड्यांची मिरवणूक काढली तर दचकणार कोण? व्हिडिओ तुलाही पाठवला होता. तूच लिहिलंस, ‘अजून पाठव, इथं बायका हसून मरतायत.’

फिलोमेना : मला काय ठाऊक? मी तिकडे परक्या म्हाताऱ्यांची ढुंगणं धुते. डॉक्टर नाही मी.

विसेंता : मग डॉक्टरकी का केलीस? तुझ्या कॅनडाच्या खोक्यातून साबण, चॉकलेटं यायची तेच बरं होतं. गोळ्या कशाला धाडल्यास?

फिलोमेना : ब्लडप्रेशरच्या होत्या, विष नव्हतं!

विसेंता : इथल्या दवाखान्यातली फुकटची पांढरी चालूच होती. वर तुझी पिवळी. डॉक्टर म्हणाले, दोन्ही एकच औषध. लघवीवाटे पाणी काढायचं. पाण्याबरोबर मीठही गेलं.

फिलोमेना : मग पांढरी बंद करायची होतीस.

विसेंता : विचारलं होतं की तुला! ‘फुकटच्या गोळीनं काय होतंय, माझी तेवढी चुकवू नकोस,’ म्हणालीस. शिवाय तुझं फर्मान, बागूंग बंद. अगं, जन्मभर त्याच खारवलेल्या मासळीचे रांजण ढवळले त्यांनी! बोटभर बागूंग चाटायला मागायचे. मी अळणी पेज भरवली. तोंड सुकतंय म्हणाले, की तांब्या तांब्या पाणी पाजलं.

फिलोमेना : आणि पडले कधी ते?

विसेंता : ते नंतर. आधी मळमळ, मग झोकांड्या. म्हणाले, ‘डोकं जागेवर नाही गं माझं.’ मी म्हटलं, होतं कधी?

अनासेतो : तेव्हाही ऐकलं होतं मी ते.

विसेंता : अगंबाई! बाबा!

अनासेतो : भांडा, भांडा. मयतानंतरचं भांडण आधीच उरकताय. मलाही ऐकायला मिळतंय.

फिलोमेना : बाबा, मला ओळखलंत?

अनासेतो : न ओळखायला काय झालं? इतकी वर्षं खोक्यात बसून येत होतीस, फिलोमेना. आज सबंध आलीस.

विसेंता : बघ, आले की नाही ठिकाणावर? डॉक्टर म्हणालेच होते, मीठ हळूहळूच चढवायचं, घाई केली तर मेंदूला इजा होते. पण येतील म्हणाले माणसात.

फिलोमेना : ती पिवळी फेकून दे, विसेंता. आजच.

विसेंता : फेकली. पांढरीही बंद केलीय डॉक्टरांनी.

अनासेतो : अगं, गोळ्यांचं राहू दे. ती दारातली म्हैस आधी हाकला. नर्सबाई अडकलीय तिच्यामागं.

विसेंता : झालं सुरू! अगदी पहिल्यासारखे—

फिलोमेना : थांब. हसू नकोस. बाबा, ही थाप आहे ना?

अनासेतो : तेच तर मी तुम्हाला विचारतोय, पोरींनो.