मनगट बघायला आलेला मुलगा

आमचे हे तुम्हाला रोमँटिक वाटतात? मग ऐका. कातडीवरच्या जखमा कशा भरतात, यावर ह्यांचं संशोधन. हे मला बघायला राजाजीनगरला आले, त्याच्या आदल्याच दिवशी कुकरला लागून माझं मनगट भाजलं होतं. मी पोह्यांची बशी पुढे केली, तर ह्यांनी बशी सोडून मनगटच धरलं.

"वा! काय सुंदर भाजलंय! हळदबिळद नाही ना लावली?"

आई कावरीबावरी झाली. ह्यांनी खिशातून मोजपट्टी काढून जखम मोजली, कॅमेऱ्यातला अख्खा रोल तिच्यावरच संपवला आणि विचारलं, "पुढच्या रविवारी परत आलो तर चालेल?"

मग दर रविवारी हे जे. पी. नगरहून बस बदलत यायचे, जखम मोजायचे, पोहे खायचे आणि जायचे. लग्नाचं नावच नाही!

शेवटी जखम भरली. ह्यांचा चेहरा पडला. बाबांनी घसा खाकरला. "मग? आता पुढे काय?"

"आता डाग जातो का ते बघायचं. वर्षभर तरी बघावं लागेल."

"सरी, बरं तर," बाबा कानडी वळणावर जात म्हणाले, "मग तिला तुमच्याच घरी न्या आणि बघत बसा. आमचे पोहे संपलेत."