सुई ओवायला

पालमच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारी अर्धवट शिवलेली गोधडी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या बाईनं तिला विचारलं,

"मनकर्णामावशी, एकल्याच कुठं निघालाव?"

"चुडाव्याला, माझ्या मैत्रिणीकडं. दैवशालाकडं. मला आता सुई ओवता येत न्हाई."

"त्यांना येती?"

"तिला चालता येत न्हाई, पण नजर लय चांगली हाय. ती सुया ओवती, मी टाके घालते. बोलता बोलता दिवस जातो."

"गुडघे दुखत न्हाईत का बसमदी?"

"घरी बसलं की जास्ती दुखतेत."

"आवं, सुनंला सांगायचं की. ती दिली असती ओवून."

"देती की. काल रात्रीच सगळ्या सुया ओवून ठिवल्या बिचारीनं."

"मग?"

"निघताना मीच दोरे काढून टाकले."