कानामागची चाई

ताई: हळू रे. ओढू नकोस, आहेत तेवढे तरी राहू देत.

भाऊ: तुझ्या केसालाही धक्का लावत नाहीये. नुसते बाजूला करतोय. मान खाली. अजून थोडी. ही कधीपासून आहे?

ताई: कानामागची उन्हाळ्यातली. टाळूवरची नंतर आली. तिसरी असली तर मला माहीत नाही.

भाऊ: तिसरी आहे. मानेवर, केस संपतात तिथे.

ताई: असू दे. म्हणजे, नसू दे. काय बोलतेय मी!

भाऊ: ते भिंग दे जरा. हं. कडेचे हे केस बघ, म्हणजे तुला दिसणार नाहीत, पण वर जाड आणि मुळाशी बारीक. उद्गारचिन्हासारखे.

ताई: शिकवू नकोस. चाई कशी दिसते ते मला कळतं. त्वचेचे रोग आम्हालाही होते कॉलेजात.

भाऊ: मग माझ्याकडे कशाला आलीस?

ताई: स्वतःची टाळू स्वतःला दिसत नाही म्हणून.

भाऊ: ताई.

ताई: बरं. गोळ्या घेऊन बघितल्या म्हणून. माझ्याच. आधी फॉस्फरस घेतलं, मग वाटलं चुकलं, म्हणून फ्लोरिक अॅसिड. मग तेही बदललं. एखाद्या पेशंटचं औषध मी इतक्या घाईने बदललं असतं तर आमच्या सरांनी मला वर्गाबाहेर काढलं असतं.

भाऊ: आणि आता होमिओपॅथीचा चालता दवाखाना बंद ठेवून बाईसाहेब त्वचेच्या डॉक्टरकडे. तेही जेवणाच्या सुट्टीत, मागच्या जिन्याने.

ताई: मागच्या जिन्याने आले कारण पुढे तुझ्या बाकावर माझा एक पेशंट बसलाय. त्याने मला बघितलं असतं म्हणजे?

भाऊ: तुझा पेशंट माझ्या बाकावर काय करतोय?

ताई: तोच विचार करत जिना चढले.

भाऊ: नखं दाखव. हं, बारीक खड्डे आहेत. टाचणी टोचल्यासारखे. हेही त्यातलंच. थायरॉइड तपासून घेऊ, चिठ्ठी देतो. खाज, आग?

ताई: काही नाही. रोग असल्यासारखं काहीच होत नाही. उशीवर केस दिसतात, एवढंच. परवा एक आजी तपासून उठल्या आणि दारात थांबून म्हणाल्या, ‘डॉक्टरबाई, तुम्हालासुद्धा?’ तेव्हापासून केस असे वळवून वर चाप लावते. दिवसभर लक्ष त्या चापाकडे. समोरचा काय सांगतोय ते कानात शिरतच नाही.

भाऊ: चाप छान आहे.

ताई: गप्प बस. मला एकदा नीट सांग हे काय असतं. मी डॉक्टर आहे हे विसरून सांग.

भाऊ: ते मी नेहमीच विसरतो, असं तूच म्हणतेस.

ताई: आज भांडायला नाही आले रे.

भाऊ: बरं. शरीराला राखणदार असतात. बाहेरचं काही आत शिरलं की ते धावून जातात. त्यांचं कधीतरी डोकं फिरतं आणि ते घरातल्याच माणसाला चोर समजतात. इथे केसांच्या मुळांना समजलेत. मुळांभोवती गर्दी करून बसलेत, केसाला वर येऊ देत नाहीत. पण मूळ मेलेलं नाही. गर्दी पांगली की केस परत येतात.

ताई: आपणहून?

भाऊ: तुझ्यासारख्या दोन-तीन लहान चाया असल्या तर पुष्कळांचे आपणहून येतात. वर्षभरात येतात. काहींचे येऊन परत जातात. काहींच्या चाया वाढत वाढत डोकंभर होतात. कोण कुठल्या वाटेने जाणार ते आधी सांगता येत नाही.

ताई: का होतं पण?

भाऊ: घराण्यात असतं काहींच्या. बाकी, माहीत नाही.

ताई: ताणाने?

भाऊ: लोक म्हणतात. कुणाचं असेलही. बहुतेकांचं काही हाती लागत नाही.

ताई: असं कसं? मी प्रत्येकाला विचारते, केस जायच्या आधी वर्षभरात काय घडलं होतं? आणि प्रत्येकाचं काही ना काही सापडतंच. कुणाचे वडील गेलेले, कुणाची नोकरी, कुणाचं लग्न मोडलेलं.

भाऊ: ज्यांचे केस जागेवर आहेत त्यांना विचारून बघ. कुणाच्या वर्षात काही घडत नाही?

ताई: हे तू मला आत्ता सांगतोयस.

भाऊ: तू आत्ता विचारतेयस. आधी विषय निघाला की तू उठून स्वयंपाकघरात जायचीस.

ताई: कारण तू चारचौघांत म्हणाला होतास, ‘ताईच्या गोळ्या मुलांना फार आवडतात, गोड असतात.’ सगळे हसले. तुझी बायकोसुद्धा हसली. आणि ती तुझ्या मुलाला सर्दी झाली की माझ्याकडेच आणते.

भाऊ: माहितेय मला.

ताई: माहितेय?

भाऊ: त्याच्या दप्तरात बाटली सापडली. सर्दी काय, तशीही आठवड्यात जाते. तुझ्याकडे गेला की तुझ्याशी गप्पा होतात, येताना खूश असतो. मी कशाला बोलू?

ताई: बघ, म्हणजे तुला त्यात काही वाईट वाटत नाही.

भाऊ: सर्दीत नाही वाटत.

ताई: मग कशात वाटतं? बोल ना. असं अर्धं बोलून भिंग पुसत बसू नकोस.

भाऊ: चाईवर होमिओपॅथीने काही फरक पडतो असा धड पुरावा मी वाचलेला नाही. शोधला होता. तुझ्यासाठीच शोधला होता, हसू नकोस. तू सांगतेस ती माणसं खोटी नाहीत, त्यांचे केस आलेही असतील. पण त्यातल्या पुष्कळांचे येणारच होते. तू गोळ्या दिल्यास म्हणून आले की गोळ्या चालू असताना आले, ते तुलाही सांगता येणार नाही आणि मलाही.

ताई: पेशंटची घेते तशी माझी स्वतःची केस-हिस्टरी मी घ्यायला बसले होते. आरशासमोर. थंडी सोसते की उकाडा? ठरवता येईना. तहान किती? आठवेना. स्वप्नं कुठली पडतात? काहीच नाही. असली उत्तरं देणाऱ्या पेशंटवर मी चिडते रे. म्हटलं, इतकी वर्षं मी विचारतेय आणि लोक मला खूश करायला काहीतरी सांगत होते की काय?

भाऊ: पाणी देऊ?

ताई: नको. खरं म्हणजे मी माझ्या डोक्यासाठी आलेच नाही.

भाऊ: मग कुणाच्या डोक्यासाठी?

ताई: एक मुलगी आहे माझ्याकडे. नववीतली. एका चाईने सुरुवात झाली, आता निम्मं डोकं गेलंय. शाळेत टोपी घालून बसते. आईचा माझ्यावर फार विश्वास. दर वेळी येतात, दर वेळी मी म्हणते, अजून थोडं थांबा, औषध लागू पडतंय. आणि मला खरंच तसं वाटायचं. कधी एखाद्या ठिकाणी दोन केस दिसायचे आणि मी खूश व्हायचे.

भाऊ: किती दिवस झाले?

ताई: वर्ष उलटलं.

भाऊ: वर्ष?

ताई: असा बघू नकोस. उशीर झाला का?

भाऊ: मुलीला बघितल्याशिवाय कसं सांगू? पण निम्मं डोकं म्हणजे वाट बघत बसायची अवस्था नाही. जितकी जास्त वर्षं जातात तितके केस परत यायला अवघड जातात. एका वर्षाने सगळं संपतं असं नाही. औषधं आहेत. नवीही आलीत. सगळ्यांना लागू पडत नाहीत, त्यांचे त्रासही असतात. तिला कुणीतरी नीट बघायला हवं, एवढं नक्की.

ताई: मी कुणीतरी नव्हते का?

भाऊ: तसं नाही म्हणालो मी.

ताई: तसंच म्हणालास. आणि बरोबर म्हणालास, म्हणून तर राग येतोय. आज संध्याकाळी तिच्या आईला फोन करायचं ठरवलंय. काय सांगायचं तेच जुळत नाहीये. वर्षभर माझं ऐकलंत, आता ऐकू नका? असं सांगतात का कुणी?

(ताईचा फोन वाजतो. ती नाव बघते, भावाकडे बघते आणि फोन स्पीकरवर लावते.)

मुलीची आई: डॉक्टरबाई, आले! केस आले! तुम्ही जेवत असाल, माफ करा, पण राहवेना हो मला.

ताई: कुठे आले?

मुलीची आई: मागच्या बाजूला, ती पहिली होती ना, तिथे. कापसासारखे, पांढरे पांढरे, मऊ. बोट फिरवलं तर कळतंय. पांढरे आहेत म्हणून घाबरायचं नाही ना?

ताई: नाही, नाही. सुरुवातीला पांढरेच येतात. पुढे रंग धरतो. आणि बाकीच्या जागा?

मुलीची आई: बाकीच्या आहेत तशाच. पुढे कपाळाशी एक नवी दिसतेय, पण आता तीही भरेल की. गोळ्या संपत आल्यात, आजच येते न्यायला. मी सासूबाईंना म्हटलं, बघा, तुम्ही म्हणत होतात दुसरीकडे न्या. विश्वास ठेवला की गुण येतोच.

ताई: ऐका ना. ते केस गोळ्यांनीच आले असं मला म्हणता येणार नाही.

मुलीची आई: म्हणजे? मग कशाने आले?

ताई: मला माहीत नाही.

मुलीची आई: तुम्हाला माहीत नाही?

ताई: आपणहूनही येतात. एकीकडे येतात, दुसरीकडे जातात. नवी चाई पडतेय म्हणजे आजार अजून थांबलेला नाही.

मुलीची आई: डॉक्टरबाई, असं नका ना बोलू. पोरगी सकाळपासून घरात टोपी न घालता फिरतेय. आज पहिल्यांदा. तिला मी काय सांगू?

ताई: केस आलेत हे सांगा. ते खरंच आहे. तिला फिरू द्या तशीच. आणि गुरुवारी तिला माझ्या भावाकडे घेऊन या. तो त्वचेचा डॉक्टर आहे. हे मी आधीच सांगायला हवं होतं.

मुलीची आई: तुम्ही आम्हाला सोडताय का?

ताई: नाही हो. मीही येणार आहे. तिच्या शेजारीच बसेन.

मुलीची आई: आणि गोळ्या? गोळ्या बंद करू की चालू ठेवू?

ताई: गोळ्या... बंद केल्या आणि केस गेले, तर तुम्हाला वाटेल बंद केल्याने गेले. चालू ठेवल्या आणि राहिले, तर वाटेल गोळ्यांनी राहिले. काय सांगू मी तुम्हाला?

मुलीची आई: तुम्हीच सांगायचं ना. आम्ही दुसऱ्या कुणाला विचारायचं?

ताई: आहेत तेवढ्या संपू द्या. नव्या न्यायला येऊ नका. गुरुवारी भेटू.

मुलीची आई: बरं. तुम्ही म्हणता तर येते. पण तुम्ही याल ना नक्की?

ताई: नक्की येईन. ठेवते.

भाऊ: बरोबर बोललीस.

ताई: बरोबर कसलं? त्या बाईचा आवाज ऐकलास ना? फोन केला तेव्हा नाचत होती ती. मी दोन वाक्यांत तिला खाली बसवलं.

भाऊ: गुरुवारी सकाळी पहिला नंबर ठेवतो. बाकावर कुणी नसतं तेव्हा.

ताई: आणि समजा तुझ्या औषधाने तिचे सगळे केस आले. तर तुला तरी कळेल का, की ते तुझ्यामुळे आले? तिचे येणारच असतील तर? आजच तर सुरुवात झालीय.

भाऊ: नाही कळणार.

ताई: अरे! मग तुझ्यात आणि माझ्यात फरक काय?

भाऊ: एकट्या त्या मुलीवरून मलाही नाही कळणार. निम्म्यांना औषध दिलं आणि निम्म्यांना औषधासारखं दिसणारं नुसतंच काहीतरी दिलं, अशा शेकडो जणांवरून कळतं. ते कुणीतरी करून ठेवलंय, त्यावर मी चालतो. माझ्या समोरच्या माणसाचं मात्र मी छातीठोक सांगू शकत नाही. बाहेर बाकावर बसलेत त्यातल्या दोघांना वर्षभर इंजेक्शनं देतोय, हललेलं नाही काही.

ताई: शेकडो. माझ्यासमोर एका वेळी एकच जण बसायचा रे. तासभर बसायचा. बरा झाला की हात हातात घेऊन जायचा. मी कशाला मोजायला जाणार?

भाऊ: नाही गेलीस. कोण जातं? मला कॉलेजात मोजायला लावलं, म्हणून मी मोजलं.

ताई: उद्या दवाखाना उघडायचाय मला. पहिला येईल त्याला काय सांगू, डोक्यात नुसता गोंधळ आहे.

भाऊ: उद्याचं उद्या बघू. आज तुझ्या डोक्यावरून बोलू. तुझ्या चाया लहान आहेत. वाट बघितलीस तरी चालेल. नाहीतर आत्ताच कातडीत बारीक इंजेक्शनं देतो. झोंबतात. लागू पडली तर दीड-दोन महिन्यांत काही दिसेल. तू ठरव.

ताई: मी पेशंट आहे, मला काय विचारतोस?

भाऊ: पेशंटलाच विचारतात.

ताई: टोच. कानामागची आधी. चाप काढते, थांब.

भाऊ: मान पुढे. टेबल घट्ट धर. पहिलं जरा जास्त झोंबेल.

ताई: टोचताना बोलत राहा काहीतरी. ते राखणदारांचं परत सांग. ते घरच्याच माणसाला ओळखत का नाहीत ते.

भाऊ: ते कुणालाच नीट माहीत नाही, ताई.

ताई: मग तेच सांग.